उंदराची साक्ष आणि मेंढीची साक्ष

पुलगावला लागून असलेल्या नाचणगावात काय, किंवा वर्धा जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही गावात काय, आज सोयाबीनचे कोणाला नवल वाटत नाही. १९३५ साली मात्र ते नवलाचेच धान्य होते. त्या वर्षी गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनच्या आहाराचा प्रयोग केला आणि त्याची हकीगत ‘हरिजन’ पत्रात दिली. गरिबाच्या ताटात स्वस्त आणि सकस अन्न पडावे, ही त्यामागची तळमळ. याच दाण्यात इस्ट्रोजेनसारखे, म्हणजे स्त्रीच्या संप्रेरकासारखे वागणारे पदार्थ आहेत, हे कळायला अजून अवकाश होता.

आता कोणी विचारील, “धान्यात हॉर्मोन? मग ते पोराबाळांना द्यायचं की नाही?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्याची रीत कशी घडली, ते पाहू.

पदार्थाचा हा गुण केवळ काचेच्या नळीत पुरता कळत नाही. त्याला जिवंत देहाची साक्ष लागते. १९२३ साली अमेरिकेत अ‍ॅलन आणि डॉइझी यांनी तशी कसोटी दिली. मादी उंदराचे अंडाशय काढले की तिच्या शरीरात स्वतःचे इस्ट्रोजेन जवळजवळ उरत नाही. मग तपासायचा पदार्थ टोचायचा आणि योनिमार्गातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. माजावर आलेल्या मादीसारख्या त्या चपट्या व निबर झाल्या, तर पदार्थ इस्ट्रोजेनच्या गुणाचा. पुढे गर्भाशयाचे वजन करण्याची रीत आली. २००७ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून ठरलेल्या चाचणीतही किमान ३ दिवस मात्रा देऊन गर्भाशयच तोलतात.

या कसोटीला खरी निकड आणली ती मेंढपाळांच्या संकटाने. पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. खच्ची केलेल्या नरांना चक्क पान्हा फुटू लागला! १९४६ साली बेनेट्स, अंडरवुड आणि शायर यांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५१ साली त्या गवतात जेनिस्टीन हा इस्ट्रोजेनच्या गुणाचा पदार्थ सापडला. १९५३ साली सोयाबीनच्या पेंडीतूनही असेच पदार्थ काढून तपासले गेले.

मग मोजमाप सुरू झाले. १९६२ साली बिकॉफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भाशयाच्या वजनावरून पदार्थांची प्रतवारी लावली. कृत्रिम स्टिल्बेस्ट्रॉलचे बळ १ लाख धरले, तर जेनिस्टीनचे अवघे १ आणि फॉर्मोनोनेटिनचे त्याच्याही पावपट!

आणि मौज अशी की, मेंढ्यांचा खरा वैरी ठरला तो हाच दुबळा फॉर्मोनोनेटिन. मेंढीच्या पोटातले जंतू जेनिस्टीन मोडून निकामी करतात. पण फॉर्मोनोनेटिनपासून मात्र इक्वॉल बनवतात, आणि ते अधिक प्रभावी असते. हे इक्वॉल १९३२ सालीच घोडीच्या मूत्रात सापडले होते. तेव्हा उंदराने खोटी साक्ष दिली काय? नव्हे. त्याने आपल्या देहापुरते खरेच सांगितले. मेंढीचे पोट निराळे, एवढेच.

मग माणसाचे काय? सोयाबीनमधल्या डेड्झीनपासून काहींच्या आतड्यात इक्वॉल तयार होते, तर काहींच्या होतच नाही. शिवाय मेंढी महिनोन्‌महिने दिवसभर तेच गवत खाते. आपल्या ताटात सोयाबीन असते ते भाकरी-भाजीच्या जोडीला. पुरुषांवर झालेल्या अनेक चाचण्या २०१० आणि २०२१ साली एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत सोयाबीनमुळे पुरुषी संप्रेरक घटल्याचे आढळले नाही.

म्हणून “यात हॉर्मोन आहे” एवढ्यावर कोणी भिववले, तर तीन गोष्टी विचाराव्यात: किती खाल्ले, किती दिवस खाल्ले आणि कोणाच्या पोटात गेले? धान्याला दोषी ठरवण्यापूर्वी एवढी उलटतपासणी तर व्हायलाच हवी.