ओस पडलेल्या पांढरी
प्रवरेकांठचें जोर्वें १९५०-५१ सालीं उत्खनिलें गेलें, तेव्हांपासून ताम्रपाषाणयुगीन महाराष्ट्राचा विचार बहुधा एकेका पांढरीपुरताच होत आला. परंतु पायीं हिंडून खापरें वेंचलीं, वस्त्यांचे काळ ठरविले व खोऱ्याशेजारीं खोरें मांडलें, म्हणजे निराळेंच चित्र दिसतें. तापी, प्रवरा व गोदावरी यांच्या कांठच्या बहुतेक वस्त्या इ. स. पूर्वीं १००० च्या सुमारास ओस पडल्या. २० हेक्टरांहून मोठें दायमाबादही त्यांतून सुटलें नाहीं. भीमेच्या खोऱ्यांतील ५ हेक्टरांचें इनामगांव मात्र पुढें सुमारें ३०० वर्षें नांदलें. पण कसें? चौकोनी घरें जाऊन गोल झोंपड्या आल्या! ढवळीकर याचें कारण अवर्षण मानतात. आम्हांस तें एकटें पुरेसें वाटत नाहीं, इनामगांवही पर्जन्यछायेंतलेंच. शिवाय गाळाखालीं गेलेलें लहानसें खेडें पायीं हिंडणाऱ्यास दिसावें तरी कसें?