१४९ विरुद्ध १४७: अदितीचा एकच ‘नऊ’

अंधेरी-घाटकोपर मेट्रोत उभ्या उभ्या ऐकत असाल, तर डोक्यातल्या डोक्यात एक हिशेब करा. पंधरा बाण, प्रत्येकाला जास्तीत जास्त १० गुण. १४९ झाले, तर किती बाण चुकले?

एकच. तोही चुकला कुठे, नऊवर लागला.

५ ऑगस्ट २०२३, बर्लिन. साताऱ्याची अदिती स्वामी, वय १७, मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ हरवून कंपाउंडमध्ये सीनियर जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे १५०-१४९ ने जिंकला. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांचे शिष्य. ओजसच्या समोरचा पोलंडचा खेळाडू फक्त एका नऊमुळे हरला!

पूर्वी असं नव्हतं. १९५७ पासून जागतिक स्पर्धेत १४४ बाणांचा राउंड आला: चार अंतरं, प्रत्येकावर ३६ बाण. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो दोनदा, म्हणजे २८८ बाण. पुढे कोण आहे हे बघणाऱ्याला वहीवाल्यालाच विचारावं लागत असणार. १९९२ ला बार्सिलोनात समोरासमोरच्या बाद फेऱ्या आल्या. २०१० मध्ये रिकर्व्हसाठी सेट आले: तीन बाणांचा सेट, जिंकला तर २ गुण, बरोबरीत १-१, आधी ६ करेल तो जिंकला.

आता गंमत बघा. पहिला सेट २३-३० असा हरलात आणि पुढचे तीन २८-२७ असे जिंकलात, तर तुम्ही ६-२ ने विजयी. बेरीज मात्र १०७ विरुद्ध १११! मला हे आधी अन्यायच वाटलं होतं. कंपाउंडमध्ये आजही सरळ बेरीजच चालते. तिथे सेट ठेवले असते, तर ३०-३० च्या बरोबऱ्या मोजत बसावं लागलं असतं.

म्हणून इटलीत बनलेल्या इयान्सेओसारख्या सॉफ्टवेअरला बाणांच्या आधी राउंड सांगावा लागतो. अंतर किती, टार्गेट कोणतं, एका एंडला किती बाण, बेरीज की सेट. जून २०२३ मध्ये मेडेयीनला अदितीने ७२० पैकी ७११ करून १८ वर्षांखालचा विश्वविक्रम केला. तो ‘७११’ म्हणजे ५० मीटरवरून ७२ बाण, हे ठाऊक नसेल तर नुसता आकडा काहीच सांगत नाही.

आणि आकड्यांनी सगळं भागतही नाही. अगदी मधल्या वर्तुळातल्या बाणाचे गुण १० च, पण नोंद ‘एक्स’. पात्रता फेरीत गुण सारखे झाले की आधी दहा मोजतात, मग एक्स. प्रोग्रामने एक्सच्या जागी नुसता १० साठवला, तर क्रमवारीच बदलू शकते. सामना बरोबरीत सुटला तर एकेक बाण. दोघांचेही दहा आले, तर केंद्राच्या जवळचा जिंकतो, आणि निकालात त्या दहापुढे एक छोटी चांदणी दिसते.