पाणवठा: हरणाला बोलावणं सोपं, राखणं अवघड

आजचा एपिसोड माझ्याच एका चुकीपासून सुरू होतो.

मे २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. मी बी.टेक.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन कळंबला गावाकडं आलो होतो. आमच्या रानात काळवीटं नेहमीचीच. म्हटलं, पाणी ठेवू, हरणं येतील, मोबाईलवर भारी फोटो मिळेल. चुलतभावाला घेऊन रानाच्या कोपऱ्यात खड्डा खणला, प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि टँकरचं पाणी घागरीनं ओतलं. एका बाजूला उंच दगडी बांध, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण. सावली बघून जागा निवडली, बाकी काही डोक्यात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दोन हरणं आली. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर तिथंच एक मादी मरून पडलेली. मागून गावातली कुत्री आली आणि पुढं कुंपण. आबा एवढंच म्हणाले, "पाणी ठेवलंस लेका, पळायला वाट नाही ठेवलीस."

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, आबांचं हे वाक्य म्हणजे पाणवठ्याचा अख्खा इतिहास आहे.

तहानलेलं जनावर कुठं येणार, हे शिकाऱ्याला कायम माहीत होतं. श्रावणबाळाची गोष्ट आठवा. दशरथानं पाण्याच्या आवाजावरच बाण सोडला होता. महाशिवरात्रीची कथाही तीच. श्रीधरांच्या १७१८ सालच्या 'शिवलीलामृता'त व्याध तळ्याकाठच्या बेलावर चढून बसतो, कारण हरणी पाण्यावर येणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. फरक इतकाच की त्या रात्री तो बाण सोडत नाही.

आता लाहोरजवळच्या शेखूपुऱ्याला चला. जहांगीर बादशहाचं एक लाडकं हरीण होतं, मनसराज. ते मेल्यावर त्याच्या आठवणीत बादशहानं १६०७च्या सुमारास 'हिरन मिनार' बांधायला घेतला आणि त्या भागात हरणाची शिकार बंद केली. शेजारी मोठा हौद आहे. त्याच्या चारही बाजूंना मधोमध उतार आहेत, जनावरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला जे सुचलं, ते मला इंजिनिअरिंगला असून सुचलं नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं चित्र बदललं. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं. आणि हे नीट ऐका: या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं. तेच पाणी, पण हेतू बदलला की गुन्हा.

आपल्या जवळ येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली झालं. महादेवाचं देऊळ आणि भोवती जंगल. राज्यात वनविभाग उन्हाळ्यात जंगलांमधले असे कृत्रिम पाणवठे टँकरनं भरतो. बशीसारखे, उथळ, काठाला उतार. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून लोक प्राणी मोजतात. व्याधासारखंच रात्रभर जागायचं, पण हातात धनुष्याऐवजी वही.

मग जिथं तिथं पाणवठे करायचे का? थांबा. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात बोअरच्या पाण्यावर शेकडो पाणवठे केले. उत्तरेकडच्या कोरड्या भागात पाणी आलं, तसे झेब्रे आले आणि झेब्र्यांमागं सिंह. तिथं रोन नावाचं दुर्मिळ हरीण होतं. १९८६ ते १९९३ या काळात त्याची संख्या सुमारे ४५० वरून ४५ च्या आसपास आली. शेवटी त्यांना बरेच पाणवठे बंद करावे लागले. सिंहांच्या जागी आपली मोकाट कुत्री धरा, म्हणजे माझा खड्डा आणि क्रूगर यांत फार फरक राहत नाही.

आणखी एक. पाणी पिऊन हरीण उपाशी थोडंच जाणार? शेजारच्याचा हरभरा तेच खाणार. तुमचा फोटो होतो, नुकसान त्याचं होतं.

म्हणून पाणी ठेवायचं असेल तर आधी वनरक्षकाला विचारा. जागा चारही बाजूंनी मोकळी हवी, वस्तीपासून आणि पिकापासून लांब. काठाला उतार हवा. आणि जवळ उघडी विहीर असेल तर पहिलं काम तिला कठडा.

त्या मादीचा फोटो मी काढला नाही. खड्डा आम्ही त्याच दिवशी बुजवला. दुसऱ्या वर्षी आबांनी माळावर मोकळ्यात जागा दाखवली. तिथं आम्ही वनरक्षकाला विचारून उथळ टाकं केलं. बाबा आजही ते उन्हाळ्यात भरतात. हरणं येतात, पितात, आणि मुख्य म्हणजे परत जातात.

भेटू पुढच्या एपिसोडला!