मुलानं लाथ का मारली?

आठ वर्षांचा एक मुलगा. अमेरिकेच्या दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलिनाच्या ग्रामीण भागात वाढलेला. एके दिवशी त्याला शेकडो मैल उत्तरेला, न्यू हेवन शहरात नातेवाइकांकडे आणलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या बाईंनी कामावर जाता जाता त्याला शाळेत सोडलं. मुख्याध्यापकांनी त्याला वर्गापर्यंत नेलं. वर्गात आधीच नवी मुलं येऊन पडली होती. आणखी एक बघून शिक्षिकेच्या कपाळावर आठी आली. मुलानं ती आठी पाहिली, शिक्षिकेला लाथ मारली आणि वर्गातून पळ काढला.

बहुतेक शाळांत याच्या पुढची गोष्ट ठरलेली असते. ऑफिसात बोलावणं, शिक्षा, पुन्हा वर्ग. मुलगा आणखी बिथरतो, शिक्षा आणखी वाढते आणि कधीतरी त्याच्यावर 'वाया गेलेला' असा शिक्का बसतो. या शाळेत मात्र शिक्षक एकत्र बसले आणि त्यांनी वेगळा प्रश्न घेतला: त्या सकाळी आपण त्याच्या जागी असतो तर? गाव, घर, ओळखीची माणसं, सगळं एका दिवसात मागे पडलेलं. समोर आपण नकोसे आहोत हे सांगणारा चेहरा. अशा वेळी आठ वर्षांचं मूल पळणार किंवा मारणार, दुसरं काय करणार? मग त्याला वर्गात परत घेताना त्याचं नीट स्वागत करायचं ठरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, यापुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला शाळेची ओळख करून देण्याची पद्धतच बसवली गेली.

हा प्रसंग लिहून ठेवणारे डॉ. जेम्स कोमर हे येल विद्यापीठाच्या चाइल्ड स्टडी सेंटरमधले बालमानसोपचारतज्ज्ञ. आज जगभर 'सोशल अँड इमोशनल लर्निंग' (म्हणजे 'एसईएल') या नावानं प्राथमिक शाळांत जे शिकवलं जातं, त्याच्या इतिहासाचा एक मोठा धागा न्यू हेवनच्या या शाळांपर्यंत जातो.

१९६८ सालचं न्यू हेवन म्हणजे एका बाजूला येलचं वैभव आणि त्याला लागून गरीब काळ्या वस्त्या. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९६७ मध्ये, शहरात दंगल होऊन गेली होती. येल आणि शहराच्या शिक्षण विभागानं मिळून दोन प्राथमिक शाळा निवडल्या, मार्टिन लूथर किंग आणि बाल्डविन. जवळजवळ सगळी मुलं काळी, बहुतेक घरं गरीब. शहरातल्या ३३ प्राथमिक शाळांत अभ्यासाच्या बाबतीत या दोघींचे क्रमांक ३२ आणि ३३. चौथीतली मुलं भाषा आणि गणितात सुमारे दीड वर्ष मागे होती.

कोमर यांना ही मुलं परकी नव्हती. १९३४ साली इंडियाना राज्यातल्या ईस्ट शिकागो या पोलाद कारखान्यांच्या गावात त्यांचा जन्म झाला. वडील कारखान्यात मजूर, आई लोकांकडे घरकाम करणारी. आईला दोन वर्षांची शाळाही धड मिळाली नव्हती. तरी तिच्या पाच मुलांनी मिळून १३ पदव्या मिळवल्या. कोमर यांचे तीन बालमित्र तशाच मजुरांच्या घरातले आणि तितकेच हुशार होते. त्यांपैकी एक दारूपायी अकाली गेला, एकाच्या आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात गेला, तिसरा मनोरुग्णालयाच्या फेऱ्या मारत राहिला. असं का झालं, या प्रश्नानं कोमर यांना छळलं. फरक बुद्धीचा नव्हता, असं त्यांचं उत्तर होतं. वाट पाहणं, मारामारी न करता हवं ते मागणं, अनोळखी मोठ्या माणसाशी बोलणं हे मुलाला येतंच असं शाळा गृहीत धरते. काही घरांतून ते शिकून येता येतं, काही घरांना ते शिकवण्याची संधीच मिळालेली नसते. न येणाऱ्या मुलाला शाळा 'वाईट' म्हणते किंवा 'मठ्ठ' म्हणते.

आता अपेक्षा अशी असेल की कोमर यांनी मुलांसाठी भावनांचा तास सुरू केला. त्यांनी सुरुवात केली ती मोठ्या माणसांपासून.

पहिलं वर्ष गोंधळातच गेलं. पालकांना येलवर भरवसा नव्हता, शिक्षकांना पालकांवर नव्हता. त्यातून हळूहळू तीन गोष्टी उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांची शाळा चालवणारी समिती. सोशल वर्कर, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांचा मानसिक आरोग्य गट. आणि पालकांना शाळेच्या रोजच्या कामात आणणारा कार्यक्रम. बसण्याचे नियम तीन: दोष कुणावर टाकायचा नाही, निर्णय मतदानानं नव्हे तर सहमतीनं घ्यायचा आणि मुख्याध्यापकांचा हात बांधायचा नाही, पण त्यांनीही समितीला डावलायचं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सिस्टिम कोसळली की चांगली टीम 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' करते, म्हणजे कुणाची चूक हे न विचारता असं घडू कसं शकलं ते शोधते. कारण माणसं घाबरली की खरं सांगत नाहीत आणि खरं कळलं नाही की तीच गोष्ट पुन्हा घडते. लाथ मारणाऱ्या मुलाबद्दलची ती बैठक नेमकी हेच करत होती. मुलाला दोष दिला असता तर शिक्षा झाली असती. शिक्षिकेला दोष दिला असता तर ती गप्प बसली असती. दोन्ही वेळा पुढचा नवा मुलगा तसाच दारात उभा राहिला असता.

अशा बैठकांतून आणखी एक बदल निघाला. दरवर्षी शिक्षक बदलण्याऐवजी मुलांना सलग दोन वर्षं एकाच शिक्षकाकडे ठेवलं गेलं. ज्यांच्या आयुष्यात आधीच बरंच काही तुटत होतं, त्या मुलांना एक तरी माणूस टिकून मिळाला. काही मुलं पहिल्या वर्षी जवळपास काहीच पुढे सरकली नाहीत आणि दुसऱ्या वर्षी दोन वर्षांची मजल मारून गेली.

सामाजिक कौशल्यांचा अभ्यासक्रम आला तो १९७७ साली, म्हणजे नऊ वर्षांनी. तोही भावनांची नावं पाठ करण्याचा नव्हता. राजकारण आणि शासन, व्यवसाय आणि अर्थकारण, आरोग्य आणि पोषण, अध्यात्म आणि विरंगुळा असे त्याचे चार भाग होते. मुलांनी महापौरपदाच्या उमेदवारांना पत्रं लिहून शाळेत बोलावलं, त्यांचं यजमानपण केलं, त्यांना प्रश्न विचारले आणि नंतर आभाराची पत्रं पाठवली. भाषा, नागरिकशास्त्र आणि मोठ्यांसमोर न बुजता बोलणं, सगळं एकाच कामात.

दरम्यान बाल्डविन शाळा गळाली आणि तशाच परिस्थितीतल्या मुलांची ब्रेनन शाळा आली. १९८४ पर्यंत किंग आणि ब्रेनन या शाळांतली चौथीची मुलं शहरात तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर होती. वस्ती तीच, गरिबी तीच.

पुढे याच शहरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस रॉजर वाइसबर्ग आणि टिमोथी श्रायव्हर यांनी सगळ्या शाळांसाठी सामाजिक विकासाचा अभ्यासक्रम उभा केला. १९९४ साली 'कासेल' ही संस्था निघाली आणि 'एसईएल' हे नाव रुळलं. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या 'इमोशनल इंटेलिजन्स' या पुस्तकानं ते घरोघरी नेलं. २०११ साली २१३ कार्यक्रम आणि २,७०,००० हून अधिक मुलांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. अशा कार्यक्रमांतली मुलं परीक्षांतही सरासरी ११ पर्सेंटाइल पुढे गेली, असं त्यात दिसलं.

म्हणजे कल्पना जिंकली. पण जाताना तिचं रूप बदललं. अभ्यासक्रम छापता येतो, शिक्षकांना दोन दिवसांत समजावता येतो, टेंडर काढून विकत घेता येतो. शिक्षिकेनं सगळ्यांसमोर 'माझ्या कपाळावर आठी आली होती' असं निर्धास्तपणे म्हणावं, अशी बैठक विकत मिळत नाही. कोमर यांची पद्धतसुद्धा यातून सुटली नाही. मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत २३ शाळांमध्ये तिचा अभ्यास झाला. १९९९ साली निष्कर्ष आला की मुलांमध्ये फारसा फरक पडला नाही, कारण पद्धत वापरणाऱ्या शाळा रोजच्या कारभारात इतरांपेक्षा थोड्याच वेगळ्या होत्या. जिथे शाळेतलं वातावरण खरोखर सुधारलं, तिथे मुलंही सुधारली होती.

आपल्याकडे दिल्ली सरकारनं जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीसाठी ४५ मिनिटांचा 'हॅपीनेस'चा तास सुरू केला. महाराष्ट्रात शिकलेल्या माझ्या वयाच्या अनेकांना त्याआधीचा मूल्यशिक्षणाचा परिपाठ आठवत असेल: वक्तशीरपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता. फळ्यावर संवेदनशीलता लिहिलेली असायची आणि उशिरा आलेलं मूल त्याच फळ्याजवळ अंगठे धरून उभं असायचं. मूल दोन्ही धडे घेतं. लक्षात कोणता राहतो, हे आपण स्वतःला विचारू शकतो.

न्यू हेवनमध्ये जे मुद्दाम उभारावं लागलं, त्यातलं बरंच आपल्याकडे आधीच आहे. शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांना असतात. अनेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एकच गुरुजी किंवा बाई त्याच मुलांना सलग काही वर्षं शिकवतात. त्याकडे आपण फक्त शिक्षकांची टंचाई म्हणून बघतो. टंचाई ती आहेच. पण त्या चार वर्षांत मुलाला ओळखणारं एक माणूस शाळेत असतं, हेही खरं आहे.

ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडेही एखादं मूल अर्ध्या वर्षात नव्या शाळेच्या दारात येऊन उभं राहतं. गाव मागे राहिलेलं, आई-बाप फडात. त्याला भावनांचा तास मिळेल न मिळेल. पहिल्या दिवशी त्याला कोण घ्यायला येतं, कुठे बसवतं, नाव विचारतं की नाही, आणि त्यानं कुणाला ढकललंच तर त्या संध्याकाळी शिक्षक एकत्र बसून कोणता प्रश्न विचारतात, यावर त्याचं पुढचं बरंचसं शिक्षण ठरणार आहे.