गोंदियाचा विडी-उद्योग : भांडवल, सट्टेदार आणि कायदा

विडी-उद्योगात भांडवल गुंतविणारा कारखानदार व विडी वळणारा मजूर यांच्यामधील दुवा म्हणजे सट्टेदार होय. तत्कालीन भंडारा जिल्ह्यातील गोंदिया हे या उद्योगाचे एक प्रमुख केंद्र. सट्टेदार कारखान्यातून तंबाखू व तेंदूपत्ता उचली आणि मजुरांकडून विड्या वळवून त्या पोचत्या करी. त्यास नोकर म्हणावे की व्यावसायिक? सागरच्या एका कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये त्यास स्वतंत्र कंत्राटदार ठरविले. साहजिकच त्याच्या हाताखालील मजूर कारखानदाराचे कामगार ठरले नाहीत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने कंत्राटी व घरी काम करणारे मजूरही संरक्षणाच्या कक्षेत आणले. पेशाची व्याख्या हा केवळ शब्दच्छल नव्हता; मजुराची जबाबदारी कोणाची, हाच त्यातील खरा प्रश्न होता.