आपत्तिकाळातील बिनतारी यंत्रचालक : किल्लारी भूकंपाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
आपत्तीचा इतिहास लिहिताना मृतांची संख्या, शासकीय मदत आणि पुनर्वसन यांची दखल घेतली जाते. मदत कोठे व किती हवी हे कळविणारा बिनतारी यंत्रचालक मात्र या इतिहासात क्वचितच आढळतो. संदेश पोहोचला की त्याचे कार्य संपते आणि संदेशासह त्याचे नावही मागे पडते. राज्यसंस्थेने दीर्घकाळ संशयाने पाहिलेला हा घटक आपत्तिकाळात तिचाच आधार कसा ठरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संशयाची पार्श्वभूमी :
ब्रिटिश काळात बिनतारी यंत्रांवर १८८५ चा भारतीय तार कायदा आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा यांचे नियंत्रण होते. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी चालकांचे परवाने काढून घेण्यात आले. सरकारची ही भीती अगदीच निराधार नव्हती. १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालविलेल्या काँग्रेस रेडिओसाठी प्रक्षेपक उभारणारे नरिमन प्रिंटर हे मूळचे हौशी चालकच होते. स्वातंत्र्यानंतर परवाने मिळू लागले, तरी परीक्षा, ठरवून दिलेल्या कंप्रता आणि नोंदवहीची सक्ती कायम राहिली. १९७८ च्या नियमांनी हौशी चालकास त्रयस्थाचा संदेश वाहण्यास सामान्यतः मनाई केली. मात्र भूकंप, पूर, वादळ यांसारख्या आपत्तीत जिल्हाधिकाऱ्यासारख्या सक्षम अधिकाऱ्याचे संदेश वाहण्याची मुभा दिली. या एका अपवादातून मदतकार्याचे दार उघडले.

किल्लारी, १९९३ :
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांना भूकंपाचा तडाखा बसला. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या काळी भ्रमणध्वनी नव्हता. या आपत्तीत हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे साहाय्य केले.

अशा कामासाठी लागणारी सामग्री थोडी असते : यंत्र, मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन खांबांमध्ये ताणलेली तार. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. अतिउच्च कंप्रतेच्या लहरी जवळच्या गावांपुरत्या उपयोगी पडतात. एका वेळी एकानेच बोलावयाचे, संदेश लिहून घ्यावयाचा आणि परत वाचून दाखवावयाचा, ही खरी शिस्त. महाराष्ट्रात ती विशेष महत्त्वाची ठरते. किल्लारीजवळ मंगरूळ आहे, परंतु त्या नावाची गावे अन्य तालुक्यांतही आहेत. पूर्व विदर्भात नुसते ‘नवेगाव’ म्हटल्याने बोध होत नाही. ‘नवेगाव बांध, तालुका अर्जुनी मोरगाव’ असे सांगावे लागते. अपुऱ्या पत्त्याचा संदेश म्हणजे दुसऱ्याच गावी गेलेले औषध होय.

किल्लारीनंतर :
डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील पथक अंदमानात होते. तेथे हौशी प्रक्षेपणास अनेक वर्षे परवानगी नव्हती. ती नुकतीच मिळाली होती. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि छंदासाठी नेलेली यंत्रे मदतकार्यास लागली. परवानगी आणखी महिनाभर लांबली असती, तर ती यंत्रे तेथे नसती. आपत्तिकाळात संदेशवहनाची साधने सीमेपार नेणे सुकर करणारा १९९८ चा टाम्पेरे करार २००५ मध्ये अमलात आला, तोही याच अनुभवाची जागतिक पातळीवरील कबुली होय.

निष्कर्ष :
बिनतारी यंत्रचालकाचे सामर्थ्य यंत्रापेक्षा प्रशिक्षणात आणि अचूक नोंदीत आहे. आपत्ती आल्यावर परवाने देऊन तो घडत नाही. तो आधीच असावा लागतो. ऑगस्ट २०२० मधील वैनगंगेच्या पुराने भंडारा, गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांना वेढले होते. भ्रमणध्वनीच्या काळातही मनोऱ्याची वीज गेली की संपर्क तुटतो, हे ध्यानी घेता महाविद्यालयांनी असे प्रशिक्षण हाती घेणे उचित ठरेल. तसेच किल्लारीच्या काळातील चालकांच्या नोंदवह्या व आठवणी इतिहास विभागांनी वेळीच संकलित केल्या पाहिजेत. ती पिढी आता वृद्ध झाली आहे.