जुन्या प्रवासी स्टोव्हचा संग्रह

जुन्या प्रवासी स्टोव्हचा संग्रह हा एक छंद आहे. गिर्यारोहक, संशोधक व सैनिक यांनी वापरलेले, सुटे करून किंवा डब्यात घालून नेता येणारे द्रव इंधनाचे स्टोव्ह शोधणे, दुरुस्त करणे व जतन करणे हे त्याचे स्वरूप आहे.

इतिहास

१८९२ मध्ये स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी वातीविना, काजळी न धरता जळणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. तो ‘प्रायमस’ या नावाने जगभर विकला गेला. आमुंडसेन यांची दक्षिण ध्रुव मोहीम (१९११) व हिलरी-तेनसिंग यांची एव्हरेस्ट मोहीम (१९५३) यांत प्रायमस वापरले गेले. मराठी घरांत पंपाच्या कोणत्याही स्टोव्हला ‘प्रायमस’ म्हणण्याची रीत पडली.

रचना

प्रायमसमध्ये पंपाने टाकीत हवेचा दाब निर्माण केला जातो. आधी काकडा किंवा स्पिरिट पेटवून बर्नर तापवतात. तेथे रॉकेलची वाफ होते व बारीक छिद्रातून बाहेर पडून हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. १९५५ मधील पितळी ‘स्वेआ १२३’ हा पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह पंपाविना चालतो. ज्योतीच्या उष्णतेनेच त्याच्या टाकीत दाब तयार होतो.

संग्रहाचे निकष

मूळ बर्नर, झाकण, पाय, चावी व डबा शाबूत असल्यास स्टोव्हचे मोल वाढते. टाकीवरील ठसे निर्मितीचा काळ ठरविण्यास उपयोगी पडतात. पितळ घासून चकचकीत करावे की वापराच्या खुणा राखाव्यात, याविषयी संग्राहकांत मतभेद आहेत. फार घासल्यास ठसे पुसट होतात व पुरावा नष्ट होतो. याउलट पंपाचा चामडी वायसर झिजणारा भाग असल्याने तो बदलणे सर्वमान्य आहे.

सुरक्षितता

जुना स्टोव्ह पेटविण्यापूर्वी टाकीचे सांधे, वायसर व सुरक्षा झडप तपासणे आवश्यक असते. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल भरणे धोकादायक आहे. टाकी अति तापल्यास झडपेतून बाहेर पडणारी वाफ पेट घेऊ शकते. बंद तंबूत स्टोव्ह जाळल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून सदोष टाकीचे स्टोव्ह केवळ प्रदर्शनासाठी ठेवणे इष्ट ठरते.